तारेला टेकलेले कलम: छाटणीच्या दिवसांतील शंकांना उत्तरे

आंबा काढणी आटोपली की बागेत कोयती आणि करवत फिरू लागते. सुक्या फांद्या, बांडगूळ, एकमेकांत शिरलेले फाटे पाऊस स्थिरावण्याआधी काढायचे आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, हे आम्हीच दरवर्षी सांगतो. या वर्षी मात्र विजेच्या तारेजवळच्या छाटणीच्या काही शंका वाचून छातीत धस्स झाले. त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहे.

राजापूर तालुक्यातील एक बागायतदार आमच्या कृषी कार्यालयात आले ते हातात हापूसचा शेंडा घेऊनच. पाने कडेने तपकिरी, कागदासारखी वळलेली. "साहेब, करपा आलाय, कोणते औषध मारू?" पानावर करप्याचे ठिपके नव्हते, कोवळ्या काडीवर काळे चट्टेही नव्हते. बागेत जाऊन पाहिले. अख्खे कलम हिरवेगार, फक्त वरच्या बाजूला दोन हातांएवढा भाग जळाल्यासारखा, आणि त्याला अगदी लागून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार. सकाळी दहिवर पडले की तिथे तडतड आवाज येतो, असे गडी सांगत होता. त्याला वाटायचे, खार असेल.

त्या करप्याला औषध नाही. तो विजेने भाजलेला पाला आहे. असा शेंडा दिसला किंवा आवाज आला की त्या झाडाच्या बुंध्यालाही हात लावू नका आणि गुरे तिथे बांधू नका.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: "ठेकेदार म्हणतो, देखभालीच्या दिवशी लाइट जाते तेव्हा तासाभरात उरकतो. चालेल का?"

नाही, भाऊ. अजिबात नाही. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक माणसे याच समजुतीवर झाडावर चढतात.

घरातली लाइट गेली म्हणजे बागेवरची तार मेली असे नसते. तुमच्या घराला वीज देणारे रोहित्र एका फिडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) आणि बागेवरून जाणारी लाइन दुसऱ्याच फिडरवर असू शकते. एक फेज गेला तरी घरात अंधार होतो, उरलेल्या दोन तारा जिवंत असतात. फिडर खरोखर बंद असला, तरी उपकेंद्रात बसलेल्या ऑपरेटरला तुमचा माणूस झाडावर आहे हे ठाऊक नसते. काम संपले की तो लाइन चालू करतो. लाइन ट्रिप झाली, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडली असेल तर काही वेळाने पुन्हा घालून पाहतो. आणि एक गोष्ट जी कुणाच्या ध्यानात येत नाही: लाइट नाही म्हणून वाडीत कुणी जनरेटर लावला आणि मेन स्विच खाली पाडला नाही, तर ती वीज उलटी रोहित्रात जाते. रोहित्र ११ हजारांचे ४०० व्होल्ट करते, तसे उलट्या बाजूने आलेल्या विजेचे पुन्हा हजारो व्होल्टही करते. लाइट नसलेल्या दिवशी, बंद समजलेल्या तारेवर.

दुसरी समजूत म्हणजे, "फांदी लागली तर लाइन आपोआप बंद पडेल." घरातले चांगले ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) ३० मिलीअँपिअरवर तुटते, म्हणून माणूस वाचतो. उपकेंद्रातले संरक्षण त्याच्या कित्येक पट मोठ्या प्रवाहावर बसवलेले असते. ओल्या फांदीतून किंवा माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह हृदय थांबवायला पुरेसा आहे, लाइन बंद पाडायला बहुतेक वेळा पुरेसा नाही. राजापूरच्या त्या कलमाचा शेंडा भाजत होता आणि लाइन चालूच होती, हे डोळ्यांनी पाहिलेच की आपण.

तेव्हा रीत अशी. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात खांबाचा क्रमांक, जवळच्या डीपीचे (रोहित्राचे) नाव आणि किती झाडे आहेत ते लिहा, पोच घ्या. तार घासत असेल, ठिणग्या पडत असतील तर थांबू नका, १९१२ वर फोन करा. छाटणीच्या दिवशी वायरमन जागेवर हवा. त्याने परमिट (लाइन बंद ठेवण्याची परवानगी) घेऊन लाइन बंद करावी, टेस्टरने तपासावी आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ कराव्यात, म्हणजे डिस्चार्ज रॉड लावून जमिनीशी जोडाव्यात. तो रॉड लटकलेला तुमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. "फोनवर सांगितलंय, बंद आहे" एवढ्यावर कुणाला वर चढवू नका. स्वतः डीपीचा फ्यूज काढणे किंवा खांबावरचा एबी स्विच ओढणे तर दूरच राहो.

फांद्या काढल्या की उत्पन्न जाईल, ही त्यांची भीतीही रास्त आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे, लाइनला अडथळा होणारे झाड तोडण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पण झाड लाइन टाकण्याच्या आधीपासूनचे असेल तर वाजवी भरपाई ठरवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. कलमे कधी लावली याची सातबाऱ्यावरची नोंद, अनुदानाची जुनी कागदपत्रे जपून ठेवा. आणि जुनी, उंच वाढलेली कलमे असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुनरुज्जीवनाची छाटणी करून ती बुटकी राखण्याचा विचार करा. झाड आटोक्यात आले की फवारणी आणि काढणी सोपी होते आणि शेंडा तारेपासून लांब राहतो.

लांज्याहून एका तरुण बागायतदाराने विचारले आहे: "बांडगूळ काढायला सरकत्या नळ्यांची ॲल्युमिनियमची काठी घेतली, २० फूट लांब होते. हलकी आहे. वापरू का?"

तार नसलेल्या बागेत वापरा. तारेच्या जवळपास ती आणूच नका. हिशेब करून पाहा. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट असावी असा नियम आहे. दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात झोळ पडला की ती याहून खालीही आलेली दिसते. माणूस काठी खांद्यावर उभी धरून चालला तरी २० फुटांची काठी तारेच्या पुढे जाते. झाडाला हात लावण्याआधी, नुसते एका कलमाकडून दुसऱ्याकडे जाताना अपघात होतात ते असेच. ॲल्युमिनियमची शिडी, फवारणीची लांब नळी, पाण्याच्या पाइपाचा तुकडा, सगळ्यांना हेच लागू. काठी नेताना आडवी, खाली धरून न्या.

"मग बांबू चालेल ना?" हा त्यांचाच पुढचा प्रश्न. सुका बांबू घराच्या २३० व्होल्टला एखादे वेळी दाद देत नाही, म्हणून लोकांचा भरवसा बसतो. ११ हजार व्होल्टपुढे तो भरवसा ठेवू नका. ओला, दहिवर पडलेला, चिकाने माखलेला बांबू वीज नेतो. आंबे काढायच्या घळीच्या किंवा झेल्याच्या टोकाला लोखंडी पाते आणि तार असते ती वेगळीच. कोणत्याही तारेपासून काठीचे टोक, फांदी, दोर आणि माणूस, सगळेच किमान १० फूट लांब राहतील असे पाहा. इतके अंतर राखता येत नसेल तर ते झाड तुमच्या गड्याचे काम नाही, आधी लाइन बंद झाली पाहिजे. कापलेली फांदी कुठे पडेल, पडताना कुठे झोका घेईल, तेही या १० फुटांत धरा.

मालवणहून एका ताईंचे पत्र आहे. त्यांचे यजमान माडावर चढतात, पाडेलीचे काम करतात. लोक घाई करतात, रस्त्याकडेच्या माडांवर चढायला सांगतात, नाही म्हटले तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. "त्यांनी काय करावं?"

ताई, त्यांनी नाही म्हणावे, आणि त्यांना नाही म्हणता यावे ही जबाबदारी माड ज्याचा आहे त्याची आहे. माडाचे चुडत (झावळी) १५ ते १८ फूट लांब असते. ते तोडल्यावर सरळ खाली येत नाही, वळत येते. बुंधा तारेपासून लांब दिसला तरी चुडत तारेवर पडू शकते, आणि त्याचा देठ त्या क्षणी पाडेलीच्या हातात किंवा कोयतीखाली असतो. म्हणून चढण्याआधी माडाभोवती पूर्ण फेरी मारून वर पाहायचे, एका बाजूने नव्हे. खाली एक माणूस फक्त तारेवर नजर ठेवायला हवा, नारळ गोळा करायला नव्हे. पाऊस पडून गेल्यावर किंवा दहिवर असताना चढायचे नाही. कमरेच्या दोरात लोखंडी तार असेल तर तो तारेजवळ वापरायचा नाही.

मालकांना सांगणे: पाडेलीला माडामागे चार पैसे देऊन विजेचा धोका त्याच्या गळ्यात घालू नका. तारेजवळचे माड वेगळे काढा, त्यांच्यासाठी अर्ज करा आणि लाइन बंद केली जाईल त्या दिवशी त्याला बोलवा.

विम्याचेही सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेचा धक्का आणि उंचावरून पडणे दोन्ही येतात, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो गडी किंवा पाडेली त्यात बसत नाही. पाडेलीसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे. शिवाय वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यावरून आजच सुरू करता येते. मंडळाच्या माडावर चढण्याच्या प्रशिक्षणाची चौकशीही जरूर करा.

दापोलीच्या एका शेतकऱ्यांनी २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण देऊन विचारले आहे की, वादळात तारेवर पडलेले झाड वाट मोकळी करण्यासाठी आपण तोडावे का. तोडू नका. खांबाला ताणून धरलेली तार त्या ओंडक्याखाली दबलेली असते. ओंडका कापला की तार आणि खांब दोन्ही उसळतात. तुटलेली तार जमिनीवर असेल तर आसपासच्या ओल्या मातीतही वीज पसरते, दोन पावलांमध्ये विजेच्या दाबाचा फरक पडतो आणि तो पायांतून अंगात जातो. अशा जागी सापडलात तर ढांगा टाकत पळू नका. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून घसटत, १० मीटरपेक्षा जास्त लांब जा आणि इतरांनाही तिथेच अडवा.

शेवटचा प्रश्न अनेकांचा: "माणूस वर चिकटला तर?"

त्याला हात लावू नका, काठीनेही ओढू नका. ११ केव्हीवर लाकडी काठीने सोडवायला गेलेला दुसरा माणूसही जातो. १९१२ वर आणि वायरमनला फोन, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला. वायरमनचा नंबर आजच मोबाइलमध्ये घाला, त्या क्षणी शोधायला वेळ नसतो. लाइन बंद झाल्याचे वायरमनने सांगितल्यावरच जवळ जा. खाली आणलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी दोन इंच खोल, डॉक्टर येईपर्यंत न थांबता. शुद्धीवर असेल, "काही नाही झालं" म्हणत असेल, तरी दवाखान्यात न्याच. विजेचे भाजणे कातडीवर रुपयाएवढे दिसते आणि आत हाडापर्यंत गेलेले असते. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढून घ्या.

पोलीस पंचनामा आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल पुढे मदतीच्या अर्जाला लागतो, तेव्हा जागेवरची काठी, दोर, फांदी हलवू नका. वर सांगितलेल्या सानुग्रह अनुदानाचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात द्या. कागद अपुरे असले तरी या, बाकीचे आपण बसून पुरे करू.

नवी लागवड करणाऱ्यांसाठी: तारेच्या खालचा पट्टा आंबा, माड, पोफळ, बांबू यांना देऊ नका. तिथे हळद, सुरण, अननस चांगले येते. खड्डे आखायला आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना बोलवा, तारेखालून दोरी धरून ते पट्टा आखून देतील.