स्कार्फ बांधूनही चेहरा काळवंडतोय. पुण्यात सनस्क्रीन खरंच लावायला हवं का, आणि लावायचं तर कितीचं?

लावायला हवं. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुम्ही खाली लिहिलंय ना, "घरचे म्हणतात सनस्क्रीननेच चेहरा खराब होतो", ते वाचून राहवलं नाही. हाच ठपका माझ्या नावावर आमच्या अख्ख्या खानदानात फिरतोय, आणि तो ठेवणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, धायरीहून हिंजवडीला स्कूटरवर जायची. वेश आपल्याकडच्या कुठल्याही मुलीचा असतो तोच: सनकोट, तुळशीबागेतले कोपरापर्यंतचे हातमोजे, तोंडाला गच्च स्कार्फ आणि डोळ्यांपुरती उघडी पट्टी. पण गालाची हाडं आणि नाकाचं हाड नेमकं त्या पट्टीत येतं, आणि तिथेच तिला वांग उमटायला लागले. स्कार्फ होता जॉर्जेटचा. उजेडाकडे धरला की पलीकडची खिडकी दिसायची. ज्यातून नजर आरपार जाते ते कापड ऊन काय अडवणार? मी तिला दोन जाड विणीचे, गडद सुती स्कार्फ आणि एक जेलचं सनस्क्रीन दिलं. कसं लावायचं तेही दाखवलं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत रेघ ओढायची, एवढं सगळं चेहरा आणि मानेला. जाऊबाई बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं थापून काय होणार? तिचं लग्न जमवायचंय. रंग उजळेल असं काहीतरी बघ."

मग त्यांनीच बघितलं. शेजारच्या कुणाची तरी मुलगी पंधरा दिवसांत उजळली होती म्हणे, तीच ट्यूब कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आणि फरक पडला, हे मान्य करायला हवं! डाग फिके झाले, चेहरा तुकतुकीत दिसायला लागला, साखरपुड्यात जो तो विचारत होता काय लावतेस म्हणून. जाऊबाईंनी ट्यूबचं नाव चार जणींना लिहून दिलं. पोरगी सकाळ-संध्याकाळ लावत राहिली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. ती चीक घेऊन वर आली, जरा वेळ साचा फिरवला आणि "काकू, आग होतेय" म्हणत कठड्याच्या सावलीत जाऊन बसली. जवळ जाऊन बघते तर गालावर बारीक लाल शिरा स्पष्ट दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ आणि काळी लव आली होती. पोर रडकुंडीला आली होती. आणि जाऊबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, "काकूने दिलेलं ते क्रीम चोपडते ना रोज, त्यानेच भाजलंय."

त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी फोनवरच बजावलं होतं की चेहऱ्याला जे जे लावते ते सगळं घेऊन या. टेबलावर पिशवी पालथी केली: बेसनाची डबी, गुलाबपाणी, माझं सनस्क्रीन आणि ती ट्यूब, गळ्यापर्यंत गुंडाळून केसाची पिन लावलेली. डॉक्टरांनी सनस्क्रीन बाजूला सरकवलं आणि ट्यूब उलगडली. वर तीन औषधांची नावं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. कडेला उभी लाल रेघ, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. शेवटचं नाव स्टेरॉइडचं. वांगावर डॉक्टर हे मिश्रण देतात, पण थोडे आठवडे, रात्री, लक्ष ठेवून. महिनोन् महिने चोपडलं की कातडी पातळ होते, त्यात ट्रेटिनॉइनने ती उन्हाला आणखी हळवी होते, आणि मलम थांबवलं की लाली, आग, पुरळ दुप्पट जोराने येतात. म्हणून पुन्हा लावावंसं वाटतं. चक्रच ते. सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली ती याच रडगाण्यामुळे. तरी गल्लीतल्या दुकानात काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे.

डॉक्टरांनी ते मलम हळूहळू बंद करायला लावलं. सनस्क्रीन चालू ठेवायला सांगितलं, माझ्यासमोर, ठणकावून. चेहरा ताळ्यावर यायला फार महिने गेले, लग्नाचे फोटो मेकअपवर निभावले. जाऊबाईंचं आजचं मत विचाराल तर, "दोन्ही एकदम लावल्याने झालं. सनस्क्रीनही होतंच की त्यात."

आता बोलतेच. आपल्याकडे उन्हापासून जपणं म्हणजे गोरं राहणं, एवढंच डोक्यात बसलंय. त्यामुळे मुलगे, बाप्ये या हिशेबातच येत नाहीत. भर दुपारी कॉलेजच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला टोपी घाल म्हटलं की तो लाजतो, आणि सासरे उघड्या डोक्याने मंडईत जातात. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालली, पण तिथे गोऱ्या कातडीला कॅन्सरची भीती मोठी. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य त्या बाबतीत बरंच सांभाळतं. आपल्याला त्रास देतात ते वांग, डाग, सुरकुत्या आणि डोळे. हो, डोळेही. मोतीबिंदूच्या कारणांत ऊन आहे. यात गोरं होण्याचा संबंध कुठे आला?

दुसरी गंमत कोवळ्या उन्हाची. जाऊबाई ड जीवनसत्त्वासाठी रोज सकाळी सातला गॅलरीत बसतात, सरकत्या काचा लावून, कारण धूळ येते! उन्हातल्या न दिसणाऱ्या यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांपैकी ज्या यूव्हीबीमुळे अंगात ड तयार होतं ते सकाळी सातला नावापुरते असतात, आणि जे असतात ते काच अडवते. काचेतून आत येतात ते यूव्हीए, म्हणजे नेमके वांग वाढवणारे. ड हवं तर दुपारचं ऊन थोडा वेळ हातापायांवर घ्या, चेहरा झाका. कमी निघालं तर डॉक्टर दुधातून घ्यायची पाकिटं देतातच.

उन्हाळा आला की शिवाजीनगर इतके अंश, लोहगाव तितके अंश हे पेपरात रोज येतं, पाणी प्या, ताक प्या, दुपारी बाहेर पडू नका. चांगलंच आहे. पण ते उष्म्याचं झालं. यूव्ही किरणांचा उष्म्याशी थेट संबंध नाही, म्हणून तर थंडीत सिंहगडावर गार वाऱ्यात फिरून आल्यावर नाक सोललेलं असतं. फोनवर हवामान बघता तिथेच यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या जोराचा आकडा असतो. ३ किंवा त्याच्या वर गेला की झाकायचं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी तो ११ च्या पुढे जातो. फोन नको असेल तर सावली बघा: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत. मेच्या मध्यावर तर पुण्यात भर दुपारी उभ्या खांबाची सावली गायब होते.

तर तुमचा प्रश्न. स्कार्फ हवाच, सुती आणि दाट विणीचा. घामाने भिजला की त्याचं काम कमी होतं. डोळ्यांच्या पट्टीला सनस्क्रीन, वर गॉगल. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच यूव्ही चांगलं अडवते, पण पुणेकरांना हेल्मेट घाला म्हणायची माझी छाती नाही. ट्यूबवरचा आकडा एसपीएफचा: ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका, ट्यूबवर पीए या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं मोजा, ती यूव्हीए किती अडतं त्याची. हे आकडे दोन बोटं भरून लावलं तरच खरे. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून महिना-सव्वा महिन्यात संपली पाहिजे. वर्षभर पुरली तर तुम्ही नुसता वास घेताय. बाहेरच असाल तर दोन तासांनी परत. वांग असतील तर रंगीत, आयर्न ऑक्साइडचं बघा, साधा उजेडसुद्धा वांग वाढवतो.

आता हेही सांगायला हवं: सनस्क्रीन कुणाकुणाला सोसत नाही हे खरंय. आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा, मुरुमं येत असतील तर जेलचं घ्या. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग येतात, तिथे नुसत्या क्रीमने भागत नाही. मी डॉक्टर नाही.

जाऊबाई हे वाचणार नाहीत, पण त्यांची सून इथे असते. अगं, बाळाला सहा महिने होईपर्यंत सनस्क्रीन नको, टोपडं आणि सावली पुरे. आणि सासूबाईंना हे वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.