आगमनकाळात गव्हाण रिकामीच असू द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं वसईचं घर दहा-बारा वर्षांपूर्वी कसं होतं ते आठवलं. तुमच्यासारखंच: दोन खोल्यांचा फ्लॅट, एक मूल आठ वर्षांचं, एक चार वर्षांचं, नवरा-बायको दोघं नोकरीवर, शाळेत डिसेंबर लागताच सांताच्या टोप्या. आणि तुम्हाला वाटतंय की आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, घरात खरोखर प्रभूची वाट पाहिली जावी, पण पसारा नको. आधी मी कुठे चुकले ते सांगते.

पहिल्या वर्षी मी नेटवरून २४ दिवसांचा तक्ता उतरवला. रोज एक वचन, एक हस्तकला, एक सत्कृत्य. सातव्या दिवशी रात्री साडेदहाला कापसाची मेंढी चिकटवताना मी धाकट्यावर इतकी ओरडले की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. तक्ता रद्दीत गेला. मेंढी अजून आहे, तीन पायांची.

तसाही तो २४ खणांचा हिशेब बाजाराचा. आपला आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी होतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. २०२३ साली आगमनकाळाचा शेवटचा, चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला होता. सकाळी चौथी मेणबत्ती लावली आणि रात्री मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या उपासनेला, पळालो. तेव्हा दिवस मोजू नका, रविवार मोजा. लहान मुलाला चार आकडे पेलतात.

मेणबत्त्यांचं चक्र, म्हणजे गोलात चार मेणबत्त्या आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची, जरूर करा, पण जांभळ्या मेणबत्त्यांसाठी गावभर फिरू नका. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या, आनंदाच्या रविवारची एक गुलाबी, ही रीत खरी. पण साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांना रिबीन बांधली तरी चालतं. एका वर्षी तर दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्याच स्टीलच्या ताटात वाळू घालून मांडल्या, भोवती आंब्याची डहाळी. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हे चक्र ज्यांनी सुरू केलं त्या विखर्न नावाच्या पाळकांकडे तरी कुठे फुलांची माळ होती? हँबुर्गजवळ गरीब मुलांसाठी ते एक घर चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. म्हणजे मूळ गोष्ट मुलांच्या त्या एका प्रश्नाची आहे. तुमची चार वर्षांची विचारेलच, अजून किती दिवस? तिला चक्रापाशी नेऊन दाखवा.

पंखा मात्र बंद ठेवा. आणि लावणार कोण, विझवणार कोण हे पहिल्याच रविवारी ठरवून टाका. आमच्याकडे सगळी भांडणं विझवण्यावरून झाली.

वाचन रात्री जेवण झाल्यावर, ताटं उचलण्याआधी. एकदा मुलं उठली की गेली. पाच मिनिटं पुरे. लूकचा पहिला अध्याय तुकड्यातुकड्यांनी घ्या, तोच आठवडाभर पुरतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, त्याची वाचा गेली आणि त्याने पाटी मागवून मुलाचं नाव लिहून दाखवलं, हे आमच्या दोघांना इतकं आवडलं की ती ‘जखऱ्या जखऱ्या’ खेळायला लागली. जो बोलेल तो हरला. त्या डिसेंबरातली माझी सर्वांत भक्तिमय पाच मिनिटं तीच.

१७ डिसेंबरला मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ असते. पुष्कळ जण ती मुलांसाठी गाळतात. मी नाही गाळत. अम्मीनादाब, जरुब्बाबेल ही नावं ऐकून मुलं खोखो हसतात, हसू द्या. हसून झालं की तामार, राहाब, रूथ यांपाशी थांबा; मोठ्याला रूथची गोष्ट कळेल. आमच्या सासऱ्यांनी त्या रात्री वंशावळ संपल्यावर आपल्या घराण्याची नावं म्हणायला घेतली, आजा, पणजा, त्याच्याही मागे. पुढे आठवेनात तेव्हा ते गप्प बसले आणि धाकट्याने विचारलं, “मग त्यांच्या आधी कोण?” त्या दिवशी वेगळी प्रार्थना घेतली नाही.

आता गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. माझा खरा आग्रह इथे आहे. गोठा आधी मांडला तरी गव्हाण रिकामी ठेवा. मरिया-योसेफ तिथे नकोत, ते घराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे ते चपलांच्या स्टँडवरून निघायचे, टीव्हीपाशी मुक्काम, मग फ्रिजवर. बाळाला भेटायला येणारे तीन राजे पार स्वयंपाकघराच्या फडताळात, त्यांना जानेवारीपर्यंत घाई नाही. मूर्तींचा संच नसला तरी बिघडत नाही. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात गोठा मांडला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि गवत, एवढ्यावरच भागवलं होतं.

गव्हाणीत पेंढ्याची एक काडी, कोणासाठी काही चांगलं केलं की, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. मी केली आणि फसले. तिसऱ्या दिवशी गव्हाण ओसंडून वाहत होती. धाकटा खालच्या तबेल्यातून मूठभर पेंढा घेऊन आला होता आणि थोरली त्याच्या काड्या मोजून त्याला खोटारडा म्हणत होती. पुढच्या वर्षी नियम बदलला. काडी गुपचूप ठेवायची, का ठेवली ते सांगायचं नाही, मोजायचं नाही. काड्या कमी झाल्या, भांडणं थांबली. एकदा सकाळी मी उठायच्या आत धाकट्याने माझी डब्याची पिशवी भरून ठेवली होती. बोलला नाही. मीही विचारलं नाही.

गोठ्यापुढच्या हिरव्या शेतासाठी प्लास्टिकचं गवत आणू नका. गहू रात्रभर भिजवून ताटलीत ओल्या मातीवर पसरा. १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी. हंगेरीत, क्रोएशियातही लोक त्याच दिवशी गहू पेरतात. वाट पाहणं म्हणजे काय हे मुलाला माझ्यापेक्षा त्या ताटलीने जास्त शिकवलं. जास्त पाणी घातलं तर कुजतो, हेही.

शाळेतल्या सांताशी भांडू नका. ६ डिसेंबरला, ज्याच्यावरून सांता आला त्या संत निकोलसची गोष्ट सांगा. हुंड्यापायी अडलेल्या तीन मुलींच्या घरात तो रात्री सोन्याच्या थैल्या टाकून गेला. हुंडा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजवावं लागत नाही. कुलकुल, म्हणजे नाताळचा तो तळलेला गोड पदार्थ, वळायला मुलांना घ्या, कोरा नवा कंगवा द्या, त्यावर ती छान वळतात. डबा मात्र २४ च्या रात्रीपर्यंत बंद. आमच्याकडे तो कधीच पूर्ण भरलेला उघडला नाही, ते सोडा.

बाळ येशूची मूर्ती महिनाभर लपवून ठेवायची आणि मिस्सेहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहानाने गव्हाणीत ठेवायची. कुठे लपवलीत ते नवऱ्याला सांगून ठेवा. एका वर्षी मी विसरले आणि रात्री दीड वाजता नवे कपडे घातलेले आम्ही चौघं स्वयंपाकघरात डबे उघडत बसलो होतो. रव्याच्या डब्यात सापडली.