एक्समध्ये काय आहे, ते तर सांग

ऑक्टोबरात अंतर्गत परीक्षेचे गुण लागले, की एमए अर्थशास्त्राची दोन-चार मुलं माझ्याकडे समुपदेशनाला हमखास येतात. तक्रार ठरलेली: "माझं गणित कच्चं आहे, इकॉनॉमेट्रिक्स झेपत नाही, एमए सोडू का?" इकॉनॉमेट्रिक्स म्हणजे अर्थशास्त्रातले संबंध आकड्यांवरून तपासायचा विषय. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे. कांदा मात्र खरा आहे.

ती निफाड तालुक्यातली. बीए मराठी माध्यमातून, चांगल्या गुणांनी. पुण्यात आली आणि पहिल्याच परीक्षेत 40 पैकी 9. वर्गात इंजिनिअरिंग करून आलेली मुलं माना डोलवत, आणि ही शेवटच्या बाकावर फळा उतरवून घेई. "सर सगळ्यांना विचारतात, कळलं का? मी पण हो म्हणते," ती म्हणाली. झोप उडालेली, जेवण अर्धवट. घरी काही सांगितलेलं नव्हतं, कारण वडिलांनी फी भरायला चाळीत साठवलेला कांदा भाव नसताना काढला होता.

पहिली भेट झोप, जेवण आणि रडणं यातच गेली. ते आधी मार्गी लावावं लागतं. दुसऱ्या भेटीला मी तिला वही आणायला सांगितलं.

वही बघण्यासारखी होती. तीन रंगांची शाई, समासात तारखा. लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे आकड्यांच्या ठिपक्यांमधून सगळ्यात जवळची रेषा काढायच्या पद्धतीची, सिद्धता ओळ न ओळ उतरवलेली. 'एक्स-प्राइम-एक्स इन्व्हर्स, एक्स-प्राइम-वाय' या तिच्या सूत्राला लाल चौकट. मी मानसशास्त्रवाली, आम्ही रिग्रेशन, म्हणजे ही रेषा काढणं, शिकलो ते संगणकावर बटणं दाबून. त्यामुळे मी अगदी खरोखरच्या अज्ञानातून विचारलं, "यातला एक्स म्हणजे काय गं?"

"मॅट्रिक्स. आडव्या-उभ्या ओळींचा तक्ता."

"कशाचं? त्याच्या आत काय असतं?"

ती गप्प. मी कोरा कागद पुढे सरकवला. म्हटलं, लासलगावचा कांदा घे आणि दहा दिवसांचे आकडे मनाने टाक. तिने दहा ओळी आखल्या. एका रकान्यात आवक, क्विंटलमध्ये. बाजूला भाव. वहीत एक्सचा पहिला रकाना नुसत्या एकांचा होता, म्हणून तिने इथेही एकाखाली एक दहा वेळा 1 लिहिला आणि पेन थांबलं. "हे एक कशाला असतात?" मलाही सांगता येईना. ती पुटपुटत राहिली, मग एकदम म्हणाली, "अच्छा, हा स्थिरांकाचा रकाना! प्रत्येक दिवशी तोच, म्हणून एक." तीन महिने ती ते एक उतरवत होती.

तिचं गणित कच्चं होतं का? थोडं होतं. मॅट्रिक्स तिने बीएला जेमतेम पाहिलं होतं, आणि तो आठवड्या-दोन आठवड्यांच्या सरावाचा प्रश्न होता. खरी गोची वेगळी होती. सत्र अर्धं सरलं तरी तिच्या हातात एकही खरा आकडा आला नव्हता. आधी सगळ्या सिद्धता आणि डेटा शेवटच्या महिन्यात, हा क्रम ज्यांनी ठरवला त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. असो.

मग मी विचारलं, भाव आवकेमुळे ठरतो, असं लिहू या का? तिने मान हलवली. "आवक वाढली की भाव पडतो, बरोबर. पण भाव बरा दिसला की लोक चाळी फोडून साठवलेला कांदा काढतात, आणि मग आवक वाढते. कोण कुणामुळे, कसं सांगणार? रेषा काढली तरी तिचा उतार ना धड मागणीचा, ना पुरवठ्याचा." बोलता बोलता तिने वही मागे उलटली. तिथे 'एंडोजेनस' शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. वाक्य मीच वाचलं: एक्स आणि एरर टर्म (समीकरणात न धरलेल्या बाकीच्या गोष्टींचा परिणाम) यांचा संबंध असेल तर अंदाज चुकतो. ती बघतच राहिली. हे तिच्या वडिलांना ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ठाऊक होतं.

मी गृहपाठ एवढाच दिला: सरांकडे जाऊन 'काही कळत नाही' म्हणायचं नाही, एकच प्रश्न कागदावर लिहून न्यायचा. तिने कांद्याचाच नेला. सरांनी तिला फिलिप राइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाबद्दल सांगितलं. 1928 साली तेलांवरच्या आयातकराच्या पुस्तकाच्या परिशिष्टात त्याने जवसाबाबत हाच पेच सोडवला होता. मागणीची रेषा हवी असेल तर फक्त पुरवठा हलवणारी गोष्ट शोधायची, उदाहरणार्थ एकरी उतारा. अशा गोष्टीलाच ही मुलं आयव्ही (इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल) म्हणतात.

पुढच्या भेटीला ती बसायच्या आधीच बोलू लागली. "मॅडम, मी आयव्ही म्हणून पाऊस घेणार होते. लासलगावात पाऊस पडला की ट्रॅक्टर येत नाहीत, आवक घटते. कोलकात्यात कांदा खाणाऱ्याला त्याचं काय? पण नाही चालणार. पावसात माल भिजतो, भिजलेल्याला भाव कमीच मिळतो. म्हणजे पाऊस आवकेला वळसा घालून थेट भावावर जातो." हे सरांना सुचलं नव्हतं, असं तिने जरा लाजत सांगितलं.

सगळ्यांचं असं होत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मीच विषय बदलायला पाठिंबा दिला. त्याला आकडे कळत होते, पण त्यांचा मनापासून कंटाळा होता. हिला मात्र कांद्याच्या आकड्यांवर तासभर बोलायचं होतं. सोडू का, याचं उत्तर मी गुणपत्रिकेपेक्षा अशाच गोष्टीत शोधते.

सत्राअखेर ती पास झाली, काठापासून फार लांब नाही. मॅट्रिक्स अजून अडखळतं. मागच्या आठवड्यात अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून रोजच्या आवकेचा तक्ता उतरवून माझ्याकडे आली होती. लिलाव बंद होते त्या दिवशी आवक शून्य लिहायची की ती ओळच गाळायची, यावर अडली होती. मी म्हटलं, मला काय विचारतेस? ती हसली, तक्ता गुंडाळला आणि सरांच्या केबिनकडे गेली.