पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्यानंतर त्यातले बग कोणी दुरुस्त करायचे?

तुम्ही विचारले आहे की, दोन वर्षांपूर्वी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाला तुम्ही पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा कोड जोडून घ्या' अशी विनंती, पाठवून एक फीचर लिहून दिले आणि आता त्यातले बग, म्हणजे चुका, दुरुस्त करा म्हणून प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर तुमच्या मागे लागला आहे, तर ही जबाबदारी तुमची आहे का. नाही. ज्याने मर्जचे, म्हणजे कोड प्रकल्पात जोडून घेण्याचे, बटण दाबले, त्याने तो कोड पदरात घेतला. हे मी दुसऱ्याचा कोड तीन वर्षे सांभाळलेला मेंटेनर म्हणून लिहीत आहे.

नाशिकमध्ये मी आणि माझा एक मित्र द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारे छोटे मोफत सॉफ्टवेअर चालवतो. निर्यातीच्या बागेत कोणते औषध कधी मारले आणि काढणीपूर्वी किती दिवस सोडले, हे कागदावर दाखवावे लागते. एका तरुणाने आम्हाला या नोंदींची पीडीएफ काढणारा भाग पाठवला. सुमारे १४०० ओळी होत्या. मला तो घ्यायचा नव्हता, कारण देवनागरी फाँटची अक्षरजुळणी आम्हा दोघांनाही कळत नव्हती. मित्राचे म्हणणे पडले की, आपणहून काम करून देणाऱ्याला परत पाठवू नये आणि पुढे काही बिघडलेच तर तो आहेच. मी ऐकले.

पुढच्या काढणीच्या तोंडावर पीडीएफच्या लायब्ररीची, म्हणजे त्या भागाने वापरलेल्या दुसऱ्यांच्या तयार कोडची, आवृत्ती बदलली आणि अक्षरे फुटली. 'दिनांक'चे 'दनिांक' झाले, 'द्राक्ष'मधली दोन्ही जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडली. रात्री साडेदहाला दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा फोन आला. सकाळी खरेदीदाराचा माणूस त्यांचे कागद पाहायला येणार होता. दोन वाजेपर्यंत तो कोड वाचूनही मला काही उमगले नाही. शेवटी साऱ्या नोंदी साध्या तक्त्यात घेतल्या आणि ब्राउझरमधून छापल्या, कारण ब्राउझर वेलांट्या आणि जोडाक्षरे बिनचूक मांडतो. त्या तरुणाला लिहिले, तर 'नोकरी लागली, आता वेळ नाही' एवढेच उत्तर आले. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज वाटते की चूक आमची होती. जे वाचता येत नव्हते ते आम्ही घरात घेतले.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कोणता भाग कोण पाहतो हे मेंटेनर्स नावाच्या फाइलीत लिहिलेले असते आणि पाहणारा उरला नाही की त्या भागावर 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, असा शेरा पडतो. इटॅनियम प्रोसेसरच्या कोडवर २०२१ मध्ये तो पडला आणि पुढे ६.७ या आवृत्तीत तो कोड काढूनच टाकला. यात कोणाचा अपमान झाला असे मला वाटत नाही.

अर्थात, 'हा भाग मी पाहीन' असे तुम्ही तेव्हा लिहून दिले असेल, तर माझे वरचे उत्तर तुम्हाला लागू नाही. बग सुरक्षेचा असेल, तर दुरुस्ती नाही केली तरी कोड समजावून देण्यापुरता वेळ काढा. एरवी, आपण आता हे पाहत नाही असे त्या इश्यूवर, म्हणजे प्रकल्पातल्या त्या बगच्या नोंदीवर, स्पष्ट लिहा. तुमच्या मौनामुळे मेंटेनर वाट पाहत राहतो.

पीडीएफचा तो भाग मी गेल्या वर्षी काढून टाकला. अशाने नवी माणसे येणार नाहीत, असे मित्र अजूनही म्हणतो. त्यानंतर दोघांनी कोड पाठवला आणि मर्ज करण्याआधी मी दोघांनाही विचारले की, तुम्ही नसाल तेव्हा हे आम्हाला कसे कळेल? त्यांपैकी एकाने त्यावर चार पाने लिहून पाठवली. ती मी छापून मित्राला दिली आहेत.