खुडूक कोंबडीखालचं अंडं आणि बारावीतली लेक

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. वाळवा तालुक्यात तुमची थोडी ऊसशेती, शेजारी पोल्ट्रीचं शेड, लेक बारावी सायन्सला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन सांगलीत नीटचा क्लास करते, फी भरून झालीय. आणि दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं खुडूक कोंबडीखालचं तीन दिवसांचं अंडं वाटीत फोडलं, त्यात लाल ठिपका धडधडताना बघितला, तेव्हापासून म्हणतेय की मला डॉक्टर नाही व्हायचं, हे हृदय तयार कोण करतं ते शिकायचंय. तुम्ही विचारताय की हे खूळ आहे का आणि ह्यात पोट भरतं का.

खूळ अजिबात नाही दादा. तिनं जो प्रश्न विचारलाय तो जीवशास्त्रातला फार मोठा प्रश्न आहे, आणि आधी तो तुम्ही समजून घ्या, करिअरचं मग बोलू.

बघा, त्या अंड्यातल्या सगळ्या पेशी एकाच पेशीपासून झालेल्या, त्यामुळं जीन्स, म्हणजे पेशीतल्या शरीर घडवायच्या सूचना, सगळीकडं तेच, डोळ्यात तेच आणि नखात पण तेच. मग एक पेशी हृदयात जाऊन ठोके द्यायला लागते आणि दुसरी पिसाच्या मुळाशी बसते, हे ठरवतं कोण? तर काही जीन्सचं कामच दुसऱ्या जीन्सना चालू-बंद करायचं असतं. तुमच्याकडं ऊसतोडीला टोळी येते, कोयते सगळ्यांकडं सारखेच, पण आज कुठल्या फडात लागायचं ते मुकादम सांगतो ना, तसे हे जीन्स म्हणजे मुकादम. माणसात साधारण २० हजार जीन्स धरले तर त्यात असे मुकादम १६००च्या आसपास.

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या लॅबमध्ये फळमाशीतला 'आयलेस' नावाचा एक जीन तिच्या पायाच्या, पंखाच्या जागी चालू केला, तर तिथं डोळे उगवले. मग उंदरातला तसाच जीन माशीत घातला तरी डोळा आलाच, आणि तो उंदराचा नव्हे, माशीचाच, बारीक बारीक भिंगांचा. म्हणजे मुकादम परगावचा आणला तरी टोळी इथलीच, तिला जे काम येतं तेच ती करणार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नव्हतं.

हृदयाचं पण असंच. माशीत 'टिनमन' नावाचा जीन नसला तर हृदय तयारच होत नाही. त्याचाच भाऊबंद माणसात आहे, एनकेएक्स २-५, आणि त्यात बिघाड असला तर बाळाच्या हृदयाला छिद्र राहू शकतं, हे १९९८ साली दिसून आलं. १०० बाळांमागं साधारण एकाच्या हृदयात जन्मापासून काही ना काही दोष असतो आणि बऱ्याच वेळा नेमकं कारण सापडत नाही. म्हणजे तुमच्या लेकीसाठी काम शिल्लक आहे, भरपूर आहे.

आता व्यवहाराचं. नीट सोडायला लावू नका, अभ्यास बराचसा तोच आहे. पण सोबत आयसर आणि नायसर ह्या विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे, म्हणजे आयसरची आयएटी आणि नायसरसाठी नेस्ट, दोन्ही फॉर्म भरा. पीसीबीवाल्यांना आयएटी देता येते, पण त्यात गणिताचे प्रश्न बाकी तीन विषयांइतकेच असतात आणि तिथंच आपली पोरं मार खातात, म्हणून आजपासून रोज तासभर गणित, ह्यात हयगय नको. पुढं तिला स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटर लागणारच आहे, त्यामुळं हा तास वाया जात नाही. आयसरला नाही लागलं तर सांगलीत विलिंग्डनला नाहीतर साताऱ्यात वायसी (यशवंतराव चव्हाण) कॉलेजला बीएस्सी, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी. लांबचा रस्ता आहे पण बंद नाही. पुण्यात आयसर आणि आगरकर संस्था, दोन्हीकडं ह्याच विषयावर, म्हणजे एका पेशीपासून शरीर कसं घडतं ह्यावर काम चालतं, म्हणजे लेक फार लांब जाईल ही काळजी नको.

पैशाचं खरं सांगतो. आयसरचा बीएस-एमएस (पदवी आणि पुढची पदवी एकत्र) पाच वर्षं, पीएचडी अजून पाच-सहा. पीएचडीला नेट-जेआरएफ ही फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा निघाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार फेलोशिप, नंतर ४२ हजार, म्हणजे त्या काळात तुमच्यावर बोजा नाही, पण पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते. तोवर लग्नाचा विषय घरात निघणार, नातेवाईक बोलणार, तेव्हा तुम्ही दोघं तिच्या बाजूनं उभे राहणार असाल तरच आत्ता हो म्हणा. अर्धवट हो म्हणू नका, मी असं मध्येच तुटलेलं शिक्षण बघितलंय आणि ते फार वाईट असतं. पुढं संशोधन संस्था, कॉलेजं, जेनेटिक टेस्टिंगच्या लॅब, औषध कंपन्या अशी दारं आहेत.

आणि एक करा. पुन्हा कोंबडी खुडूक बसली की अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घाला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज रात्री अंधारात एकेका अंड्याला खालून मोबाईलचा टॉर्च लावा, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील. ती क्लासला असेल तर तुम्ही स्वतः बघा आणि तिला व्हिडिओ पाठवा, तिला रोज वहीत चित्र काढू द्या. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की ती वही आणि लेक दोघींना घेऊन रविवारी विश्रामबागला माझ्याकडं या, मला तिच्याशी बोलायचंय.