कामाचं बोलू : विमानतळ आला, पण पोरगं कोणाच्या रोलवर?

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि निम्म्याहून अधिक पत्रांत नवी मुंबईचा एअरपोर्ट आहेच. साहजिक आहे म्हणा, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून दिघ्यापासून उरणपर्यंत प्रत्येक घरात एकच प्रश्न, आमच्या पोराचं काय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच पत्रं घेतलीत, त्यातली दोन जरा लांबली आहेत.

ताई, मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, यंदाच. ओळखीतला एकजण म्हणतो एअरपोर्टवर लावून देतो, पास आणि युनिफॉर्मचे २५ हजार, त्यातले १० आधी. मुलाचे बाबा म्हणतात भरून टाकू, अशी संधी परत येत नाही. काय करू? — एक आई, दिघा

नका भरू. दहा हजार पण नाही आणि दहा रुपये पण नाही.

काय होतं की एअरपोर्टची नोकरी अशी एकच एक नोकरी नसतेच. विमान कंपनी वेगळी, सामान चढवणारी ग्राउंड हँडलिंगची कंपनी वेगळी, कार्गोवाले वेगळे, दुकानं आणि खाण्याचे स्टॉल वेगळे, साफसफाईचा ठेकेदार वेगळा, आणि सिक्युरिटी सीआयएसएफची, तिथे केंद्राच्या भरतीतूनच जावं लागतं. म्हणजे ‘एअरपोर्टवर लावतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, कोणाच्या रोलवर? पगार कोणाच्या खात्यातून येणार? इथेच निम्मे एजंट गप्प होतात.

आणि तो पास, ज्याला एईपी म्हणतात, एअरपोर्ट एन्ट्री परमिट, तो बाजारात विकत मिळत नाही हो. ज्या कंपनीने नोकरीला घेतलं ती कंपनी अर्ज करते, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, मग मिळतो. आधी नोकरी, मग पास. एजंट तुम्हाला उलटं सांगतोय. मला अशी दोन-तीन ऑफर लेटर लोकांनी पाठवलीत, वर विमानाचं फाटलेलं चित्र, खाली जीमेलचा पत्ता, आणि ‘डिपॉझिट रिफंडेबल’ हे मात्र ठळक अक्षरात. कोणी ऑनलाइन पैसे देऊन बसलं असेल तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितकं कठीण.

आता मुलाचं. इलेक्ट्रिशियन हा ट्रेड घेतलाय ना, मग उगाच एअरपोर्टच्या मागे का लागायचं? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिलीत आणि अजून राहताहेत. एकदा बांधकाम संपलं की आत माणसं थोडीच लागतात हे खरं, पण जी लागतात ती नेमकी याच ट्रेडची. यूपीएस, डीजी सेट (डिझेल जनरेटर), पॅनल, चिलर, तिन्ही शिफ्टला कोणीतरी रीडिंग घेणारा आणि ट्रिप झालं तर धावणारा लागतो. पण नुसत्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर सहसा कोणी आत घेत नाही, त्यामुळे आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवा, करार तिथेच रजिस्टर झाला पाहिजे, कंपनीच्या कच्च्या कागदावर नाही. मध्य रेल्वेची अप्रेंटिस भरती निघते ती पण सोडू नका, परळ, माटुंगा, कुर्ला, कल्याण अशा ठिकाणी घेतात, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट लागतं आणि पुढे रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत अशा पोरांसाठी २० टक्के जागा असतात. स्टायपेंड कमी वाटेल. बाबांना सांगा, एजंटला देणार होतात त्या २५ हजारात मुलाचा वर्षभराचा लोकलचा पास आणि डबा निघून वर पैसे उरतील.

आमची जमीन सिडकोने घेतली, आजोबा प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात होते. आता विमानतळ, गोदामं, सगळं आमच्या दारात, आणि मला मिळालं काय तर ठेकेदाराकडे १४ हजाराचं काम, तेही आज आहे उद्या नाही. ८० टक्के स्थानिकांचा नियम कुठे गेला? — एक तरुण, उलवे

दादा, तुझा राग बरोबर आहे, आधी ते सांगते. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं या शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं पुढे आलं आणि नंतर एअरपोर्टसाठी उठलेल्या गावांना साडेबावीस टक्के. पण बघ, या सगळ्यात भांडण जमिनीच्या मोबदल्याचं जितकं पक्कं लढलं गेलं तितकं नोकरीचं नाही लढलं गेलं. जमिनीला सातबारा असतो. नोकरीच्या आश्वासनाला काय असतं?

८० टक्क्यांचं ऐक. २००८ चा शासन निर्णय आहे, त्यात उद्योगांनी सुपरवायझरच्या खालच्या जागांवर ८० टक्के आणि सुपरवायझरी जागांवर ५० टक्के स्थानिक घ्यायचे असं आहे. पण दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. एक, तिथे स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहणारा, त्यामुळे नांदेडचा मुलगाही स्थानिक आणि उलव्याचाही. त्याच्यावर माझा काहीच राग नाही, तोही पोटासाठीच आलाय, पण प्रकल्पग्रस्ताला त्यात वेगळं काही मिळत नाही हे समजून घे. दुसरं, कंपनीच्या स्वतःच्या रोलवर माणसंच कमी असतात. हजार लोक गेटमधून आत जातात त्यातले किती कंपनीचे आणि किती ठेकेदाराचे, हे एकदा शिफ्ट सुटताना आयकार्डाच्या दोऱ्या बघून मोज. रंग वेगवेगळे असतात.

आणि आता जे लिहिते ते गावात कोणाला आवडणार नाही. ठेके बऱ्याचदा गावातल्याच माणसांना मिळालेले असतात. लेबरचा ठेका, गाड्यांचा ठेका, मातीचा, भंगाराचा, प्रकल्पग्रस्त म्हणून भांडून घेतलेला. आणि मग तोच ठेकेदार बाहेरून पोरं आणतो कारण ती सुट्टी मागत नाहीत, खोलीवर दहा-दहा राहतात, पीएफचं विचारत नाहीत. गावातलं पोरगं विचारतं, आणि वर त्याचे काका पण येतात विचारायला, म्हणून ते नको. म्हणजे मोर्चा कंपनीच्या गेटवर निघतो आणि निम्मा प्रश्न मात्र गावच्या नाक्यावर ऑफिस टाकून बसलेला असतो. पुढच्या ग्रामस्थांच्या बैठकीत एवढंच मागा की ज्याला ठेका मिळेल त्याने गावातली किती पोरं घेतली त्यांची नावं फळ्यावर लावायची. फक्त यादी. बघ किती गडबड उडते.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, १४ हजारात पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) दोन्ही लागतं. ईएसआयसीची पगाराची मर्यादा २१ हजार आहे, तुझे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ भरतो. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड, दर महिन्याची एन्ट्री आहे का बघ. कापलेत पण भरले नाहीत असा प्रकार सर्रास चालतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नवीन कामगार संहितेतही आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्यात, त्यात अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला द्यायचंच आहे. तुझ्याकडे आहे का? नसेल तर लेखी माग, व्हॉट्सॲपवर मागितलंस तरी चालेल, मागितल्याचा पुरावा राहतो.

चार महिने हेच काम करत फोर्कलिफ्ट किंवा कार्गो हँडलिंगचं काही शिकता आलं तर शीक. द्रोणागिरीची गोदामं, जेएनपीए (न्हावा शेवा बंदर), एअरपोर्टचा कार्गो, तिन्हीकडे मालच हलवायचाय, आणि तू राहतोस त्याच्या मधोमध. रात्री दोनच्या शिफ्टला बाईकवर वीस मिनिटांत पोचणारा माणूस कोणाला नको असेल? ही गोष्ट इंटरव्ह्यूत तोंडाने सांगायची, आपली पोरं सांगतच नाहीत.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारी ऑफिसात होतो, मुदत संपली. आता ते पर्मनंट करतील का? — कोपरखैरणे

नाही. योजना प्रशिक्षणाची आहे, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १०, आणि मुदत आधी सहा महिने होती ती पुढे वाढवली. आशा लावून बसू नका. अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं का ते बघा, आणि त्यात ‘विविध कामे केली’ असं गुळमुळीत लिहिलेलं नको, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, कोणतं रजिस्टर सांभाळलं हे साहेबांकडून लिहून घ्या.

रबाळे एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, तीन सीएनसी, एकूण १८ माणसं. सगळे म्हणतात बेकारी आहे, मग मला ऑपरेटर का मिळत नाही? मिळाला तर तीन महिन्यांत डिलिव्हरीला पळतो. आजच्या पोरांना मेहनत नको. — एक उद्योजक

साहेब, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पटलं. जो पोरगा पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडवर पाठीला पिशवी लावून रात्री अकरापर्यंत फिरतो त्याला मेहनत नको असं कसं म्हणता?

तो का पळतो ते सांगते, कारण पळालेली बरीच पोरं माझ्याशी बोललीत. डिलिव्हरीत पैसे दर आठवड्याला दिसतात, तुमच्याकडे सात तारखेचा पगार दहाला होतो, कधी पंधराला. तिकडे कोणी शिव्या घालत नाही, ॲप ब्लॉक करतं ते वेगळं. आणि सगळ्यात मोठं, तुमच्याकडे तीन महिन्यांत तो फक्त जॉब लोड-अनलोड करतोय, बटण दाबतोय. ड्रॉइंग सेटर (मशीन लावून देणारा) वाचतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) सेटर देतो, मायक्रोमीटर सेटरच्या कपाटात. मग त्याला पाच वर्षांनी आपण कुठे असू ते दिसतंच, त्याच मशीनसमोर.

एक करून बघा. पहिल्या दिवशीच सांगा की तीन महिन्यांनी व्हर्नियर-मायक्रोमीटर तुझ्या हातात, सहा महिन्यांनी ऑफसेट तू देणार, वर्षाने साधा प्रोग्रॅम तू एडिट करणार, आणि प्रत्येक टप्प्याला पगार इतका वाढणार. आकडे लिहून द्या. तुमच्या सेटरला हे आवडणार नाही, त्याला वाटेल माझी किंमत गेली, म्हणून शिकवण्याचे पैसे त्यालाही द्या. हे केल्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे.

आणि अप्रेंटिस का घेत नाही? ३० किंवा जास्त माणसं असली की सक्तीच आहे, तुम्ही १८ आहात म्हणजे मर्जीची गोष्ट, पण ४ किंवा जास्त माणसं असली की कोणीही घेऊ शकतो. स्टायपेंडच्या २५ टक्के, महिना १५०० पर्यंत, सरकार उचलतं. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी लागत नाही म्हणून काही कंपन्या वर्षानुवर्षं अप्रेंटिसवरच लाइन चालवतात, तसलं मात्र करू नका, जवळच्या आयटीआयमध्ये दोन बॅचमध्ये नाव खराब होतं आणि मग खरंच कोणी येत नाही. त्यापेक्षा त्या आयटीआयच्या मशिनिस्ट-टर्नरच्या सरांना एकदा शॉपवर चहाला बोलवा. एमआयडीसीच्या गेटवर ‘ऑपरेटर पाहिजे’चा बोर्ड लावून जे होत नाही ते त्या सरांच्या एका फोनने होतं.

हो, अजून एक. रबाळे स्टेशनपासून तुमच्या गल्लीपर्यंत शेअर रिक्षाचे जायचे-यायचे किती होतात ते महिन्याला गुणून बघा. तेवढे पगाराव्यतिरिक्त दिलेत तरी दोन माणसं टिकतील.

वय ३८, बीकॉम, मुलांसाठी १० वर्षं घरी होते. आधी अकाउंट्समध्ये होते. आता कोण घेईल? — एक वाचक, कळवा

घेतील. वागळे इस्टेटला जा. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक, आता कारखाने कमी झालेत, आयटी पार्क आणि टॉवर आलेत, पण गाळ्यांमध्ये छोट्या कंपन्या अजून भरपूर आहेत आणि त्यांना पार्ट-टाइम किंवा दहा ते पाच अकाउंटंट बाई हवीच असते. ऐरोलीचे मोठे ऑफिस पण बघा, पण कळव्याहून ठाण्याला उलटं येऊन ट्रान्सहार्बर पकडायची, त्यात रोजचा वेळ जातो तो धरा.

तुम्ही गेलात तेव्हा जीएसटी नवीन होता किंवा नव्हताच (१ जुलै २०१७ ला आला), त्यामुळे टॅलीवर जीएसटी एन्ट्री, रिटर्न आणि टीडीएस एवढं तीन महिने एखाद्या सीएच्या ऑफिसात कमी पैशात करा, मार्च जवळ आला की त्यांना माणसं लागतातच. बायोडाटात गॅप लपवू नका. इंटरव्ह्यूला ‘मुलं आजारी पडली तर काय करणार’ विचारतील, विचारतातच, तर त्याचं उत्तर घरी नवऱ्यासोबत आधी ठरवून जा, आणि त्यांना विचारा की महिनाअखेरीस किती वाजेपर्यंत थांबवता.