'डंकर्क' थिएटरमध्येच पाहायला हवा, असं लोक का म्हणतात?

घरी टीव्हीवर 'डंकर्क', म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर जर्मनांनी कोंडलेल्या सैनिकांच्या सुटकेवरचा सिनेमा, लावला, अर्ध्यातच कंटाळा आला, मग एवढं कौतुक कशाचं, असं तुम्ही विचारलंय. मी तो जुलै २०१७ मध्ये नाशिकला थिएटरात पाहिला, अण्णांबरोबर. अण्णा तोफखान्यातले. नोकरीची शेवटची वर्षं देवळालीच्या आर्टिलरी स्कूलमध्ये काढली आणि कॅम्पातच घर केलं. तोफांपायी त्यांचा डावा कान गेलाय, म्हणून सिनेमाला यायला ते तयारच नसतात. त्या दिवशी धो धो पावसात मी जवळजवळ ओढूनच नेलं.

सुरुवातीलाच रिकाम्या गल्लीतून पोरं चाललीत, वरून पत्रकं पडतायत, आणि एकदम गोळी सुटते. अख्खं थिएटर दचकलं. अण्णांनी खुर्चीच्या हातावर तळवा सपाट टेकवला, तो शेवटपर्यंत उचलला नाही. नंतर म्हणाले, "कानाने निम्मंच आलं रे, बाकीचं हाताने ऐकलं."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच सापडतं. हान्स झिमरच्या संगीतात जी टिकटिक आहे, ती दिग्दर्शक नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची. तिच्या जोडीला असा एक स्वर, जो सारखा चढतोय असं वाटतं, पण कुठेच पोचत नाही. टीव्हीच्या स्पीकरमधून हे छातीपर्यंत येत नाही. शिवाय धक्क्यावरचा एक आठवडा, बोटीवरचा एक दिवस आणि विमानातला एक तास असे तीन काळ एकमेकांत विणलेत. मध्ये दोन मिनिटं फोन पाहिला की धागा सुटलाच. आमच्या थिएटरने तर पावणेदोन तासांच्या या सिनेमातही मध्यंतर घुसडलं. ताणलेला श्वास तिथेच सुटला. त्याचा राग मला अजून आहे.

यात शत्रू जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती वाट पाहणारी माणसं. १९४० च्या २६ मे ते ४ जून या दिवसांत ३ लाख ३८ हजारांवर सैनिक तिथून सुटले, पण पडद्यावर त्यांना सुटकेचा भरवसा क्षणभरही नसतो. परतताना नाशिकरोडच्या बिटको चौकात चहा घेताना अण्णा म्हणाले, "लढण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं. ते बरोबर दाखवलंय." मग देवळालीचं सांगू लागले. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणारे गोरे शिपाई इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. त्या रिकामपणात डोकं फिरलेल्याला 'डूलाली टॅप' झाला म्हणत. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ताप! तो शब्द इंग्रजीत अजून आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकली. तेव्हा फ्रान्समध्ये आपल्या सैन्याच्या खेचरवाल्या चार कंपन्या होत्या. त्यातली काही माणसं डंकर्कहूनच परतली, एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली, खेचरं तिकडेच सोडावी लागली. सिनेमात त्यांचा मागमूस नाही. अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत, चहाचा ग्लास तेवढा फिरवत राहिले.

कुठे पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला तर जरूर जा. नाहीच लागला, तर रात्री, दिवे घालवून, चांगले हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. आणि मध्येच थांबवू नका.